नाईट ड्रॉपला ड्रायव्हर ठेवायचाय, पण जुनी केस आहे. ठेवावा का?

घणसोलीकर:
नमस्कार मंडळी. माझ्या चार-सहा गाड्या ऐरोली-महापेच्या कंपन्यांना स्टाफसाठी लावलेल्या आहेत. एक ड्रायव्हर सोडून गेला, त्याच्या जागी दिव्याचा एक मुलगा आलाय, तिशीतला, गाडी चालवून बघितली, हात चांगला आहे, लायसन्स बॅज सगळं आहे. पण त्यानेच सांगितलं की पाच-सहा वर्षांपूर्वी चाळीत मारामारी झाली त्याची केस होती, कोर्टात सुटला, आणि दोन वर्षांपूर्वी थर्टी फर्स्टला ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडला, कोर्टात जाऊन दंड भरला. आमचे ड्रॉप रात्री दीड-दोनचे, बऱ्याचदा गाडीत शेवटी एकच मुलगी उरते. कंपनीचा अ‍ॅडमिन म्हणतो पोलीस व्हेरिफिकेशन आणा बाकी तुम्ही बघा. घरी बायको नको म्हणते, माझा जुना ड्रायव्हर म्हणतो पोरगा चांगला आहे. आरटीओने बॅज दिलाय म्हणजे माणूस लायक आहे असं धरायचं का?

कळव्याचा_काका:
नाही धरायचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९ बघा, सराईत गुन्हेगार असेल, दारूच्या आहारी गेलेला असेल, गाडी वापरून दखलपात्र गुन्हा केला असेल किंवा आधीच्या चालवण्यावरून लोकांना धोका दिसत असेल तर लायसन्स काढून घेता येतं, अर्थात त्याला बाजू मांडू देऊन, आणि त्याला ३० दिवसांत अपीलही आहे. पण हे सगळं काहीतरी घडून गेल्यावर. तुम्हाला आधी ठरवायचंय.
केंद्राने २०२० साली अ‍ॅपवाल्या टॅक्सी कंपन्यांसाठी गाइडलाइन्स काढल्या त्यात मागच्या ७ वर्षांत दारू पिऊन चालवल्याबद्दल शिक्षा झालेला ड्रायव्हर चालत नव्हता. २०२५ ला त्यांच्या जागी नव्या आल्या. तुमच्यावर ते बंधन नसेल पण माप म्हणून वापरा. कोर्टात दंड भरला म्हणजे गुन्हा शाबीत झाला, साधं चलान नव्हे ते. मारामारीत सुटलाय, ती सोडून द्या.

लेस्टरवाल्यांचा_मेव्हणा:
काका, मारामारी अशी सोडून देऊ नका. माझे दाजी इंग्लंडमध्ये प्रायव्हेट हायर, म्हणजे आधी बुक करायची टॅक्सी, चालवतात. तिथे लायसन्स कौन्सिल, म्हणजे तिथली पालिका देते आणि माणूस 'फिट अँड प्रॉपर', म्हणजे या कामाला लायक आहे का हे बघणं त्यांचं काम. २०२० च्या जुलैत सरकारने त्याचे स्टँडर्ड्स काढले, त्यातला मुख्य प्रश्न असा की तुमच्या जिव्हाळ्याच्या माणसाला, दिवसा-रात्री कधीही, या ड्रायव्हरसोबत एकटं पाठवाल का? शक्यतांचं पारडं 'नाही'कडे झुकलं तर लायसन्स नाही. संशयाचा फायदा अर्जदाराला द्यायचा नाही असं चक्क लिहिलंय, आणि शिक्षा झाली नसली तरी पोलिसांकडची माहिती विचारात घेता येते. शिक्षा झाली असेल तर हिंसेला शिक्षा संपल्यापासून १० वर्षं, दारू पिऊन चालवण्याला ७, लैंगिक गुन्ह्याला तर दारच बंद. सुटला म्हणजे कसा सुटला? साक्षीदार फिरले, आपसात मिटलं, की खरंच तो त्यात नव्हता? निकालाची कॉपी मागा आणि वाचा, कोणाला मारलं हेही बघा, बाईमाणसावर हात टाकला असेल तर विषयच संपला.

वाशीची_मयू:
मी स्वतः अशाच कॅबने रात्री घरी येते म्हणून लिहिते. मला नको असा ड्रायव्हर, निदान रात्री तरी नको. २०१४ ला दिल्लीत अ‍ॅप कॅबमध्ये मुलीवर बलात्कार झाला तो ड्रायव्हर आधीच्या बलात्काराच्या केसमधून सुटलेला होता, आणि त्याचं कॅरेक्टर सर्टिफिकेट बनावट निघालं. तुमचा मुलगा तसाच आहे असं अजिबात म्हणत नाही मी, पण मागे बसलेल्या मुलीला यातलं काहीच माहीत नसतं हो दादा, ती फक्त दार उघडून बसते कारण कोणीतरी आधी बघितलं असेल असा तिचा विश्वास असतो, आणि ते बघणारे तुम्ही आहात.
आणि ड्रायव्हर कोणीही असो, शेवटचा ड्रॉप मुलगी एकटी नको. रूट बदला, नाहीतर गार्ड द्या.

एमएच०४_ड्रायव्हर:
मीही हेच काम करतो. पोराने स्वतःहून सांगितलं, याला किंमत आहे, आमच्यातले निम्मे सांगणार नाहीत. पोटावर मारू नका त्याच्या, दिवसाची ड्यूटी द्या, एअरपोर्ट, गेस्ट वगैरे, आणि पिऊन आलास तर त्याच दिवशी बाहेर हे तोंडावर सांगा. आधीच्या मालकाला फोन करा, का सोडलं ते विचारा. अजून एक, दिवसभर दुसरी गाडी चालवून रात्री तुमच्याकडे येतो का हे नक्की बघा. पाम बीच रोडवर पहाटे सरळ रस्त्याला डोळा लागतो, तिथे बॅज कामाला येत नाही. काकांनी सांगितलेल्या २०२० च्या गाइडलाइन्समध्ये दिवसाला १२ तासांची मर्यादा होती ती याच्यासाठीच.

घणसोलीकर:
सगळ्यांचे आभार. काका, बाकी पटलं, पण मारामारीचा निकाल मागतोच. मयूताई, रूटचं उद्याच अ‍ॅडमिनशी बोलतो. रात्रीची ड्यूटी त्याला देत नाही, दिवसाची निकाल वाचून ठरवतो. व्हेरिफिकेशनचं काय, तो कागद आणून देईल तो धरायचा का?

कळव्याचा_काका:
झेरॉक्स किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ धरू नका. अर्ज त्याच्याच नावाने ऑनलाइन करायचा असतो, तुमच्या ऑफिसात बसवून भरून घ्या, आणि आलेलं सर्टिफिकेट त्याच्या लॉगिनमधून तुमच्यासमोर डाउनलोड करू दे. पत्ता आधार आणि भाड्याच्या कराराशी जुळवून बघा. मेव्हण्यांचं म्हणणं खरं आहे, निकालाची कॉपी मागा.