मदत हवी आहे: परदेशात इंग्रजी शिकवायचंय, एमए टेसॉल (इतर भाषकांना इंग्रजी शिकवण्याची पदवी) कुठून करू?

नमस्कार मंडळी. मी बीएड, नाशिकला ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. बारावीची पोरं पॅसिव्ह व्हॉइस बिनचूक करतात, पण वर्गात उभं राहून दोन वाक्यं बोल म्हटलं की बेंचकडे बघत बसतात. नुसतं साहित्यातलं एमए करून यावर उपाय सापडणार नाही, असं माझं ठाम मत आहे. पुढे व्हिएतनाम किंवा आखातात शिकवायचा विचार आहे. (कोरियाचा भाषाशिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी, म्हणून तो नाद सोडला.)

ब्रिटनमध्ये एमए टेसॉल एका वर्षात होतं, अमेरिकेत साधारण दोन वर्षं लागतात, पण तिथे असिस्टंटशिप (विद्यापीठातच काम करून मिळणारी मदत) मिळाली तर फीचा भार हलका होतो. माहितीपत्रकांत सिलॅबस डिझाइन, फोनॉलॉजी (ध्वनिविचार) सगळं दिसतं. प्रत्यक्ष वर्गावर शिकवण्याचा सराव मात्र अनेक ठिकाणी ऐच्छिक किंवा गायब! याउलट सेल्टा हा केंब्रिजचा इंग्रजी शिकवण्याचा प्रमाणपत्र कोर्स १२० तासांचाच, तरी त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि निरीक्षक मागे बसून असतो.

मग आधी सेल्टा करून नोकरी धरावी आणि एमए नंतर? की हैदराबादच्या इफ्लूमधून (इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ) कमी खर्चात पदवी घ्यावी? आखातातल्या कॉलेजांत ऑनलाइन एमए चालतं का? कर्ज काढण्याआधी, तिकडे शिकवणाऱ्या कुणी ताई-दादांनी खरं काय ते सांगा.