मदत हवी आहे: वाझूमध्ये फसलेल्या लॉगिनचे अलर्ट आवरेनात, थ्रेशोल्ड वाढवू का?

लॉगवाचक:
चाकणच्या एका कारखान्याचं एसओसी (सायबर सुरक्षेवर नजर ठेवणारी टीम) आहे. ६०० विंडोज मशिन, २ डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची खाती आणि पासवर्ड तपासणारे सर्व्हर), १ फायरवॉल. सगळ्यांचे लॉग वाझू या सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये येतात. दिवसा दोन ॲनालिस्ट, रात्री एक. रोज चारेक हजार अलर्ट, त्यांत निम्म्याहून जास्त इव्हेंट ४६२५ (विंडोजमधलं फसलेलं लॉगिन). रात्रपाळीत ते एकगठ्ठा बंद केले जातात, आणि मला धास्ती त्याचीच आहे. '८ वेळा फसलं की अलर्ट' हा नियम ५० वर नेला तर चालेल का? की सर्व्हिस अकाउंट (माणसांची नव्हे, प्रोग्रॅमची खाती) सरसकट वगळू?

निळीटीम:
दोन्ही नको. पासवर्ड स्प्रेइंग करणारा, म्हणजे तेच मोजके पासवर्ड अनेक खात्यांवर वापरून बघणारा, एका खात्यावर एक-दोनच प्रयत्न करतो, कारण खातं लॉक झालं की बोभाटा होतो. ५० च्या नियमाखालून तो आरामात निघून जाईल. आणि सर्व्हिस अकाउंट वगळलंत, तर हल्लेखोराला सर्वांत हवं असलेलं खातंच तुमच्या नजरेआड जाईल.

आधी ७ दिवसांचे ४६२५ घ्या आणि चार रकान्यांवर गट पाडा: टार्गेट युजर, सोर्स आयपी, लॉगॉन टाइप (लॉगिन कोणत्या प्रकारचं), सबस्टेटस (फसण्याचं कारण सांगणारा कोड). बहुतेक आवाज (निरुपयोगी अलर्ट) पहिल्या दहा-पंधरा गटांतच निघतो.

सबस्टेटसचे शेवटचे आकडे बघा. ६ए म्हणजे नाव बरोबर, पासवर्ड चूक. ६४ म्हणजे त्या नावाचं खातंच नाही. हे एकाच आयपीवरून वेगवेगळ्या नावांनी आलं तर कोणीतरी नावं चाचपतंय. ७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ७२ म्हणजे खातं बंद केलेलं, २३४ म्हणजे लॉक झालेलं. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर ७२ येत असेल तर ते कधीही दाबू नका.

लॉगॉन टाइप ४ शेड्यूल्ड टास्कचा, ५ सर्व्हिसचा, ३ नेटवर्कवरून, १० रिमोट डेस्कटॉपचा. इथे एक फसगत होते: रिमोट डेस्कटॉपला एनएलए (सेशन उघडण्याआधीच पासवर्ड तपासणं) चालू असेल तर फसलेला प्रयत्न १० ऐवजी ३ म्हणून नोंदला जातो. १० दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

आणखी एक. ४६२५ ज्या मशिनवर लॉगिनचा प्रयत्न झाला तिथे पडतो. डोमेन कंट्रोलरवर पासवर्ड पडताळायच्या दोन पद्धती आहेत: कर्बेरॉसचा चुकलेला पासवर्ड ४७७१ मध्ये आणि एनटीएलएमचा ४७७६ मध्ये येतो. त्यांचं फेल्युअर ऑडिटिंग ग्रुप पॉलिसीत चालू आहे का ते तपासा.

लॉगवाचक:
तक्ता काढला. सर्वांत मोठा गट एकाच खात्याचा: टाइप ३, ६ए, आयपी मजल्यावरच्या मल्टिफंक्शन प्रिंटरचा. पासवर्ड मध्यंतरी बदलला होता. हा गट लेव्हल ० (अलर्टच न देणारी पातळी) करू का?

निळीटीम:
करू नका, प्रिंटरमधला पासवर्ड बदला. स्कॅन शेअर्ड फोल्डरमध्ये टाकणारे प्रिंटर, मॅप केलेले ड्राइव्ह, जुने शेड्यूल्ड टास्क, फोनमधलं मेल यांत जुने पासवर्ड अडकून बसतात. खातं लॉक होत असेल तर इव्हेंट ४७४० (खातं लॉक झालं) उघडा. त्यात कॉलर कॉम्प्युटरचं नाव मिळतं.

कारण दुरुस्त करणं आपल्या हातात नसेल तरच नियम लिहा. वाझूच्या फसलेल्या लॉगिनच्या नियमाखाली (६०१२२) स्वतःचा उपनियम, क्रमांक १००००० ते १२०००० मधला, आणि तो लोकल रूल्सच्या फाइलमध्येच. मूळ रूलसेटमध्ये केलेला बदल अपग्रेडला पुसला जातो. अट चारही रकान्यांची एकत्र हवी. वर्णनात तिकीट क्रमांक आणि पुन्हा तपासायची तारीख घाला, नाहीतर तो नियम का लिहिला हे वर्षभरात कुणालाच सांगता येत नाही. लॉगटेस्टमध्ये (वाझूचं नियम तपासायचं साधन) खऱ्या नोंदी टाकून बघितल्याशिवाय लागू करू नका.

मग स्प्रेइंगसाठी वेगळा नियम: सोर्स आयपी तोच, युजर वेगवेगळे, ६०० सेकंदांत १०. त्याच आयपीवरून पुढे ४६२४ (यशस्वी लॉगिन) आला तर लेव्हल १२ किंवा वर. व्हीपीएन गेटवेमागचे सगळे एकाच आयपीने दिसत असतील, तर तिथे आकडा वेगळा ठेवावा लागेल. संथ स्प्रेइंग १० मिनिटांच्या खिडकीत सापडत नाही. त्यासाठी 'एका आयपीवरून २४ तासांत किती वेगळी नावं' हा रोजचा अहवाल लावा.

शिफ्टलीड:
वरचं सगळं पटलं. पण लेव्हल ० करण्याआधी एक सेटिंग बघाच. वाझू मुळात अलर्ट झालेल्या नोंदीच साठवतं. सगळ्याच नोंदी साठवणारा 'लॉगऑल' पर्याय मूळ बसवणीत बंद असतो. म्हणजे दाबलेली नोंद वाझूत कुठेच उरत नाही. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आहे. तेव्हा लॉगऑल लावून आर्काइव्ह (सगळ्या नोंदींचा साठा) चालू करा.

जागेचा हिशेब: सेकंदाला ५०० नोंदी, नोंदीमागे ६०० बाइट धरले तर दिवसाला सुमारे २६ जीबी, १८० दिवसांचे ४.७ टीबी. हे कॉम्प्रेस न करता. ३० दिवस इंडेक्समध्ये (लगेच शोधता येईल असे), बाकी कॉम्प्रेस करून वेगळ्या डिस्कवर. इंडेक्सरच्याच डिस्कवर आर्काइव्ह ठेवलं की ती भरते आणि इंडेक्स लिहिणं थांबतं.

घड्याळंही तपासा. त्याच निर्देशांत एनटीपी (घड्याळ जुळवणारी यंत्रणा) एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलंय. फायरवॉल यूटीसीत आणि सिसलॉगमध्ये (उपकरणं नेटवर्कवरून लॉग पाठवतात ती पद्धत) टाइमझोन नाही, असं असेल तर त्या नोंदींतली वेळ साडेपाच तास मागे दिसते. व्हीपीएन लॉगिन आणि ४६२४ यांची जोडी लागतच नाही.

रात्री एकच माणूस असेल तर त्याच्यासाठी न दाबता येणारी छोटी यादी करा: ११०२ (ऑडिट लॉग पुसला), ४७२० (नवं खातं), ४७२८ आणि ४७३२ (ग्रुपमध्ये भर). यांवर थेट फोन, आणि मशिन नेटवर्कपासून तोडायचा अधिकार त्याला लेखी द्या. रात्री दोन वाजता परवानगी मागायला कुणी सापडत नाही. माणसांचं म्हणाल तर एक खुर्ची २४ तास भरायला आठवड्याचे १६८ तास लागतात. ४० तासांच्या हिशेबाने ४.२ माणसं, रजा धरून ५. त्याहून कमी असतील तर रात्रीची खुर्ची कधीतरी रिकामी राहणारच.

पहारा२४:
आवाज कमी झाल्यावर शांततेवरही अलर्ट लावा. एजंट (मशिनवरून वाझूला लॉग पाठवणारा प्रोग्रॅम) तुटल्याची नोंद वाझू लेव्हल ३ ला करतं, ती कुणी बघत नाही. डोमेन कंट्रोलरपुरती १२ करा. फायरवॉल सिसलॉगवर असतो, त्याला एजंटच नाही, म्हणून 'शेवटची नोंद कधी आली' ही क्वेरी दर १५ मिनिटांनी चालवा. ३० मिनिटं काहीच आलं नाही तर तिकीट उघडा.

लॉगवाचक:
सर्वांचे आभार. लॉगऑल बंदच होतं, आज चालू करतोय. प्रिंटरचा पासवर्ड बदलला की नवा तक्ता इथेच टाकतो.