'कन्स्ट्रेन'ला मराठीत काय म्हणाल?

वेलांटी: एक लेख अनुवादते आहे. लाखो दीर्घिकांची (गॅलेक्सींची) अंतरं मोजून कृष्णऊर्जेची, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगवान करणाऱ्या अज्ञात ऊर्जेची, प्रारूपं (मॉडेल्स) 'कन्स्ट्रेन' करतात, असा विषय. मी लिहिलं, 'सर्वेक्षणाने विश्वाच्या प्रारूपांवर बंधने घातली.' भावाने विचारलं, "कोर्टाने का?" दुसरा शब्द सुचवा.

फिरस्ता: 'मर्यादा आणल्या'?

अर्धविराम: नको, ती प्रारूपाची उणीव वाटते. होतं काय ते बघा. कृष्णऊर्जेचा दाब आणि घनता यांचं गुणोत्तर म्हणजे 'डब्ल्यू'. ते कायम वजा 1 असेल, तर कृष्णऊर्जा म्हणजे आइन्स्टाइनचा स्थिरांक, काळानुसार न बदलणारी. मोजमापं वाढली की डब्ल्यूच्या शक्य किमतींचा पट्टा अरुंद होतो. विश्वाला कुणी बांधत नाही, आपला अंदाज आवळला जातो. म्हणून 'आवळणे'.

फिरस्ता: आवळतात तो गळा.

बोरू: आधी 'दीर्घिका' बदला. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं! 'आकाशगंगा' सगळ्यांना कळतं.

अर्धविराम: आकाशगंगा एकच, आपली.

बोरू: म्हणजे आपली ती गंगा, बाकीच्यांची तळी!

फिरस्ता: 'कृष्णऊर्जा' तरी कुठे बरोबर? कृष्णविवर काळं, ठीक. ही ऊर्जा ना काळी, ना गोरी. सरळ 'डार्क एनर्जी' लिहा.

बोरू: मग सगळा लेखच देवनागरीतल्या इंग्रजीत लिहा की.

वेलांटी: माझा प्रश्न राहिला बाजूला. 'चाळणी लावली' चालेल?

अर्धविराम: चाळणीत एक तर राहतं, नाही तर पडतं. इथे पारडं हळूहळू झुकतं. सुमारे 49 कोटी प्रकाशवर्षं अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या किंचित जास्त सापडतात. ते अंतर मोजपट्टी धरून वेगवेगळ्या काळातलं विश्वाचं प्रसरण मोजतात. 'डेसी' या सर्वेक्षणाने 2025 च्या मार्चमध्ये जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसारांवरून (दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांवरून) सांगितलं, की कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असावी. 'असावी'च, शोध म्हणण्याइतकं पक्कं नाही.

फिरस्ता: मी 'डेसी'चं 'देशी' वाचलं होतं. अ‍ॅरिझोनातल्या दुर्बिणीवरचं उपकरण निघालं, एका वेळी 5000 प्रकाशतंतूंनी वर्णपट घेणारं.

वेलांटी: उद्या मजकूर द्यायचाय. तूर्त 'प्रारूपांना वाव कमी उरला' लिहिलंय.

बोरू: 'वाव' म्हणजे गुजरातीत पायऱ्यांची विहीर. आलात ना परत पाण्यावर?