माल्टाला जाऊन आलात? अनुभव लिहा

मे महिन्यात आठ दिवस माल्टात होतो. गेलो समुद्रासाठी, पण मनात राहिला तिथला दगड. घरं, चर्च, तटबंदी, सगळं त्याच मधाच्या रंगाच्या चुनखडीचं. 1565 चा तुर्कांचा वेढा परतवल्यावर तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी पुढच्याच वर्षी व्हॅलेटा, आजची राजधानी, बांधायला घेतली. तिथल्या को-कॅथेड्रलमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं संत जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही आहे जमिनीवर सांडलेल्या रक्तात. अर्धा तास तिथून पाय निघाला नाही.

तुमचेही अनुभव येऊ द्या. वडीलधाऱ्यांना घेऊन गेलेल्यांनी तर नक्की लिहा.

*

आम्ही सासूबाईंना नेलं होतं. व्हॅलेटात चढ आणि पायऱ्या फार. बंदरावरून थेट वरच्या बराक्का बागेत नेणारी 58 मीटर उंच लिफ्ट आहे, तिने गुडघे वाचवले. खाण्यात पास्तिझी! साट्याच्या करंजीसारखे पापुद्रे, आत रिकोटा चीज किंवा मटार. शाकाहारी असाल तर आधी विचारा, पिठात चरबी घालायची जुनी पद्धत आहे.

*

गोझो हे शेजारचं बेट एका दिवसात उरकू नका, दोन रात्री तरी राहाच. बोटीने पंचवीस मिनिटं. जगन्तियाची देवळं पिरॅमिडांहून जुनी आहेत. त्या शिळांपुढे आमची मुलंसुद्धा गप्प झाली. 2016 मध्ये ‘अझुर विंडो’ ही दगडी कमान पाहिली होती. 8 मार्च 2017 च्या वादळात ती कोसळली. परत गेलो तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं. फार वाईट वाटलं.

*

हायपोजियम हे जमिनीखालचं दफनस्थळ पाहायचं राहिलं, याची हळहळ अजून आहे. दिवसाला मोजक्याच लोकांना सोडतात. विमानाच्या आधी ते तिकीट काढा.

*

मी नोकरीनिमित्त तीन वर्षं इथेच आहे. जुलै-ऑगस्ट टाळा, ऊन आणि गर्दी दोन्ही सोसत नाही. माल्टी भाषेकडे कान द्या: दुनियेला ‘दिन्या’, साबणाला ‘सापून’. आणि रविवारी मार्साश्लॉकच्या मासळीबाजारात जा. तिथल्या लुत्सू होड्यांच्या नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे असतात, संकट टळावं म्हणून. मागच्या रविवारी एक आजोबा बारीक कुंचल्याने डोळ्याची कड रंगवत बसले होते. बाकी होडीचा रंग पार सोलवटला होता.