परदेशात नेटसाठी केलेली धडपड – तुमचे अनुभव लिहा

रानजाई :
काल भाचीचा लाइपझिगहून फोन आला. रडवेली झाली होती. नवीन घर, सोमवारपासून घरूनच नोकरी, आणि नेट जोडायला येणारा माणूस म्हणे येऊन परत गेला. मी पहिलं विचारलं, "बेलवर तुझं नाव लावलंयस का?" नव्हतं लावलं. मला एकदम २०१५चं स्टुटगार्ट आठवलं.

तेव्हा मी पुण्यातल्या कंपनीचं भाषांतराचं काम तिथून करायचे. टेक्निशियनची वेळ सकाळी ८ ते १२. नेमका तेव्हाच यायचा म्हणून आंघोळीलाही गेले नाही. सव्वाबाराला मेसेज: ग्राहक घरी नाही. तिकडे फ्लॅटला नंबर नसतो हो, खालच्या बेलवर फक्त आडनाव. आमच्या बेलवर आधीच्या भाडेकरूचं होतं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी! फोनचा डेटा चार दिवसांत संपला.

मी जिन्यात लॅपटॉप घेऊन बसले होते, तिथे जरा रेंज यायची. तळमजल्यावरच्या आजींनी पाहिलं आणि हाताला धरून घरात नेलं. राउटर उलटा केला, चष्मा लावला आणि मागचा पासवर्ड वाचायला लागल्या. वीस आकडे! दोन-दोनच्या जोड्या करून वाचत होत्या. जर्मनमध्ये ४७ म्हणजे 'सात आणि चाळीस', आपल्या सत्तेचाळीससारखंच, सात आधी. इंग्रजीतून शिकलेले इथे हटकून आकडे उलटे लिहितात. मी मनात सत्तेचाळीस, त्र्याऐंशी म्हणत उतरवत गेले. पहिल्या झटक्यात लागलं.

तेव्हा तिथे आपल्या वायफायवरून दुसऱ्याने काही बेकायदा उतरवलं तर मालकाला नोटीस यायची. २०१७ला कायदा बदलला. म्हणजे ओळखदेख नसताना पासवर्ड देणं लहान गोष्ट नव्हती. लिहा सगळे, भाचीला वाचायला देणार आहे.

तिखटमीठ :
आजींना काय दिलंत मग?

रानजाई :
रविवारी शिरा. दुसऱ्या रविवारी त्यांनीच वाटी धुऊन वर आणून दिली 😊

अबोली_शारजा :
गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ला, जेद्दाजवळ लाल समुद्रात केबल तुटल्या तेव्हा माझं महिनाअखेरचं काम रखडलं. मुंबईच्या ऑफिसचा हिशेब मी इथून, नेटवरून त्यांच्या मशीनमध्ये शिरून करते. एक आकडा टाकायचा, एंटर दाबायचं, चहाचा घोट घ्यायचा, मग तो आकडा पडद्यावर उमटायचा. घरी एका कंपनीचं नेट, मोबाइलवर दुसरीचं. दोन्हीकडे तेच. कंपन्या दोन असल्या तरी वाट त्याच समुद्रातून ना. हे म्हणाले, २००८च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ तुटल्या होत्या तेव्हाही असंच झालं होतं. त्या वेळी यांनी बिलं फॅक्सने पाठवली होती. मीही शेवटी फोनवर आकडे सांगितले, तिकडे मुलीने भरून घेतले.

कोकणवेडा :
माझं उलटं आहे, चालेल का? मी श्रीवर्धनात, ऑफिस लंडनचं. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. दुपारी छपराचे पत्रे उडताना बघत होतो. लाइट नाही, टॉवर नाही, रस्त्यावर झाडं आडवी. मी जिवंत आहे हे ऑफिसला कळवायला तीन दिवस लागले. मोटरसायकलने निघालो, माणगावलाही तीच अवस्था. ताम्हिणी चढून पुण्याच्या बाजूला उतरल्यावर खिशात फोन थरथरायला लागला. गाडी बाजूला घेतली. १४० मेसेज. साहेबाचा शेवटचा मेसेज होता की कामाचं सोड, घरचे कसे आहेत ते सांग. तिथेच रस्त्याच्या कडेला रडलो.
वाडीतली सुपारी सगळी गेली. आजोबांनी लावलेली.

तिखटमीठ :
दादा 🙏 आमच्या दिवेआगरच्या मावशीचंही तेच. नारळ-सुपारी मिळून वाडीत आठ झाडं राहिली.

जांभूळपाणी :
जोहान्सबर्ग. लोडशेडिंगवाल्यांसाठी सांगते, कारण मी यात एक क्लायंट घालवला. फायबर लाइट गेल्यावरही चालू राहतं, पण घरातल्या दोन्ही डब्यांना बॅकअप लागतो. भिंतीवरचा छोटा डबा, जिथे फायबर येतं, तो आणि राउटर. मी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस आणला आणि फक्त राउटरला लावला. वायफायच्या काड्या पूर्ण, नेट शून्य! मीटिंग सुटली. मोबाइलवर भरवसा ठेवू नका, लाइट वारंवार गेले की टॉवरच्या बॅटऱ्या चार्जच होत नाहीत, शिवाय चोरीलाही जातात. आता पुष्कळ सुधारलंय. यूपीएस मात्र काढलेला नाही.

सध्या_मेलबर्न :
नेट आहे हो, ओटीपीचं काय 😭 बँकेत लॉगिन करायचं तर ओटीपी भारतातल्या नंबरवर, आणि तो नंबर इथे रेंजच पकडत नाही.

अबोली_शारजा :
@सध्या_मेलबर्न फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून बघ. माझ्या सिमवर ओटीपी त्यातूनच येतात. आणि रिचार्ज संपू देऊ नकोस, नंबर बंद झाला की भारतात जाऊनच सोडवावं लागेल.

सध्या_मेलबर्न :
आला!! ताई, दोन महिने आईला फोन करून ओटीपी विचारत होते. ती पहाटे पाचला उठून आकडे सांगायची.

तिखटमीठ :
आईला आता झोपू दे गं 😄

रानजाई :
भाचीचा फोटो आला. कागदावर मोठ्या अक्षरात आडनाव लिहून बेलवर चिकटवलंय, वरून सेलोटेप, पावसाचं पाणी लागू नये म्हणून. शेजारच्या घरात एक विद्यार्थिनी आहे, तिने सोमवारपुरता पासवर्ड दिलाय. टेक्निशियन गुरुवारी.
जांभूळपाणी, दोन डब्यांचं मला माहीतच नव्हतं. पुण्यात घरी लगेच बघते.

जांभूळपाणी :
हो, आणि वायर घेताना पिन नीट बघा, दोन डब्यांच्या वेगळ्या असतात. दुकानात जुन्या अडॅप्टरसकट जा.

तिखटमीठ :
कोकणवेडा, नवीन सुपारी लावलीत का? मावशीला रोठा जातीची रोपं हवी आहेत.

कोकणवेडा :
लावली २०२१ला. आता पुरुषभर उंच झालीत. मावशींना पावसाच्या तोंडावर यायला सांगा, आमच्याच वाडीत रुजवलेली देतो. सावलीला केळी आधी लावून ठेवा म्हणावं.