दुच्चोच्या ‘माएस्ता’चे तुकडे सिएनाला परत द्यावेत का?

कुंचला: ९ जून १३११. इटलीतल्या सिएनातली दुकानं बंद. चित्रकार दुच्चो दी बुओनिनसेन्याच्या कामशाळेतून ‘माएस्ता’ हे भलंमोठं पाटचित्र वाजतगाजत कॅथेड्रलकडे निघालंय. पुढून सिंहासनावरची मरिया, मागून येशूची कथा. १७७१ मध्ये या दोन्ही बाजू करवतीनं वेगळ्या केल्या, त्यात मरियेच्या चेहऱ्यालाही इजा झाली. पुढे तळपट्टीतली, म्हणजे मुख्य चित्राच्या खालच्या छोट्या चित्रांच्या पट्टीतली, काही चित्रं विकली गेली. मागच्या तळपट्टीची वाटणी बघा: डोंगरावर सैतान भुलवतो ते न्यूयॉर्कला, मासे धरणारे पेत्र-आंद्रिया वॉशिंग्टनला, काना गावातलं लग्न सिएनात, विहिरीवरची शोमरोनी बाई माद्रिदला, आंधळा लंडनला, लाजर टेक्सासच्या फोर्ट वर्थमध्ये. एक गोष्ट, सहा गावं! माझं मत: परत द्या. निदान कायमची उसनी तरी द्या.

तिरकस: कुणाला परत? १५०६ मध्ये मुख्य वेदीवरून उतरवलं सिएनाकरांनी, करवत चालवली सिएनाकरांनी. ही काही फौजेनं केलेली लूट नव्हे. आपल्याच हातानं मोडून विकलेली माडी नातवानं परत मागण्यातला प्रकार आहे.

कुंचला: हक्काचं बोलतच नाहीये मी. चित्र वाचायचं कसं, ते सांगा. लंडनच्या चौकटीत दृष्टी आलेला आंधळा काठी टाकून वर बघतो. कुठे? शेजारच्या चौकटीत, जिथे येशूचं रूप तेजानं पालटलंय. शेजार तुटला की ती मान उगाच वर गेल्यासारखी वाटते.

तिरकस: उदाहरण चुकलं, साहेब. त्या दोन्ही चौकटी लंडनच्याच नॅशनल गॅलरीत आहेत. आणि या पट्टीच्या आज शिल्लक असलेल्या सगळ्या आठही चौकटी २०२४-२५ च्या प्रदर्शनात आधी न्यूयॉर्कला, मग लंडनला एकत्र लागल्याच की.

कुंचला: हे बाकी मान्य. पण काही महिन्यांची माहेरपणं किती दिवस मोजायची?

कंदील: मला दोघांचंही पटत नाही. दुच्चोचीच एक वीतभर मरिया न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २००४ मध्ये घेतली, साडेचार कोटी डॉलरच्या आसपास मोजून. तिच्या चौकटीच्या खालच्या कडेला मेणबत्त्यांनी जळल्याचे डाग आहेत. मला त्या चित्रातली सगळ्यात जिवंत गोष्ट तीच वाटते. कुणीतरी रोज तिच्यापुढे बसत होतं. सोन्याचा वर्ख हलत्या ज्योतीसाठी असतो, छतातल्या दिव्यांसाठी नव्हे. ‘परत’ म्हणजे वेदीवर परत म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूनं. पण सिएनातही मुख्य फळी संग्रहालयातच आहे. म्हणजे एका काचेतून काढून दुसऱ्या काचेत, एवढाच वाद उरतो.

तिरकस: वेदीवर ठेवा, लावा मेणबत्त्या, आणि सातशे वर्षांच्या अंड्याच्या बलकातल्या रंगांचं काय होतं ते बघा.

कुंचला: कंदील, ते संग्रहालय कॅथेड्रलला लागूनच आहे. बाहेर पडलं की त्याच घंटा ऐकू येतात. फोर्ट वर्थमध्ये लाजर थडग्यातून उठतो तेव्हा काय ऐकू येतं?

तिरकस: एसी.