शब्दचर्चा : 'कळपाला कित्ते व्हा' (बोलणाऱ्यांची नावं टोपणनावं आहेत)

बोरू : मराठी बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती समाजाच्या, वडिलांना (पुढाऱ्यांना) 'धनीपण करणारे असे नव्हे, तर कळपाला कित्ते व्हा' असं बजावलंय (५:३). इथे 'आदर्श' किंवा 'उदाहरण' का नाही? आणि 'कित्ते' हे अनेकवचन खटकत नाही का?

कोशवेडी : कित्ता मूळचा अरबी. अर्थ तुकडा, त्यावरून वळणदार अक्षराचा नमुना. पंतोजी वर एक ओळ लिहून देत, पोरं खाली तीच गिरवत. क्रियापदं त्यामुळे दोन : गुरू कित्ता घालून देतो, चेला गिरवतो. (जुन्या याद्यांतला कित्ता म्हणजे 'वरीलप्रमाणे', तो इथे नको.) उदाहरण नुसतं ऐकूनही सोडून देता येतं. कित्त्यावर मात्र हात फिरवावाच लागतो.

तळटीप : मराठीत कित्ता एकच दिसतो, पण त्यामागे नव्या कराराच्या मूळ ग्रीकमधले शब्द तीन आहेत.

योहान १३:१५, येशूने शिष्यांचे पाय धुतल्यानंतरचं वाक्य : 'हुपोदेइग्मा', म्हणजे करून दाखवलेला नमुना.

१ पेत्र २:२१ : 'हुपोग्राम्मोस'. हुपो म्हणजे खाली, ग्राम्मा म्हणजे अक्षर. मुलांनी गिरवायची अक्षरं. नव्या करारात हा शब्द एकदाच येतो आणि 'कित्ता' इथे इतका चपखल बसतो की भाषांतरकाराला दाद द्यावी.

१ पेत्र ५:३ : 'तुपोस', म्हणजे ठोकून उमटलेला ठसा, त्यावरून साचा, नमुना. योहान २०:२५ मध्ये थोमाला येशूच्या हातांवर खिळ्यांच्या ज्या खुणा पाहायच्या आहेत, तिथेही हाच शब्द. त्यावरून प्रवचन रचायचा मोह अनेकांना होतो. जरा जपून. शब्द रोजच्या वापरातला होता. पेत्राच्या डोळ्यांसमोर खिळे होते असं त्यावरून सिद्ध होत नाही.

बोरू : मग पाळकांसाठी यांतला कोणता कित्ता धरायचा?

तळटीप : कोणाला उद्देशून लिहिलंय ते आधी पाहा, गफलत तिथेच होते. २:२१ चा कित्ता घरकाम करणाऱ्या दासांना उद्देशून आहे (२:१८) आणि तो अन्याय सोसण्याबद्दल आहे. ५:३ वडिलांना, म्हणजे ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांना. पुढारीच २:२१ उचलून हाताखालच्यांना 'सोसा' म्हणून सांगू लागला, तर त्याने आपल्या वाट्याचं वचन गाळलं. 'धनीपण' मागचं क्रियापद 'काताकुरिएउओ', कुरिओस म्हणजे धनी. मार्क १०:४२ मध्ये परराष्ट्रीयांच्या सत्ताधीशांबद्दल येशूने हेच क्रियापद वापरलंय आणि लगेच पुढे म्हटलंय, तुमच्यात तसं नाही. मोठा होऊ पाहणाऱ्याने सेवक व्हावं, पहिला होऊ पाहणाऱ्याने सर्वांचा दास.

पायवाट : योहान १३ मधली एक जोडी मराठीत निसटते. चौथ्या ओवीत (वचनात म्हणा, सवयीने ओवी आलं) येशू वस्त्रं 'काढून ठेवतो' आणि बाराव्यात परत घेतो. १०:१७-१८ मध्ये स्वतःला मेंढपाळ म्हणवणारा येशू प्राण 'देतो' आणि परत घेतो. ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी क्रियापदं तीच : तिथेमी, ठेवणे, आणि लाम्बानो, घेणे. म्हणजे रुमाल कमरेला बांधण्याआधीची ती साधी कृती क्रुसाकडे बोट दाखवते. मराठीत 'प्राण ठेवतो' म्हणता येत नाही, त्याला इलाज नाही. बोलताना 'मेंढरांसाठी जीव देतो' मात्र टाळावं. 'जीव दिला' म्हटलं की आधी विहीर आठवते. 'प्राण देतो' हेच बरं.

कोशवेडी : वर्तमानपत्रांनी वेगळीच पंचाईत केलीय. 'मागच्या सरकारचाच कित्ता गिरवला' म्हणजे जुनीच चूक पुन्हा केली. 'गिरवणे'ला टोमण्याचा वास लागलाय. 'घालून देणे' अजून स्वच्छ आहे. म्हणून पुढाऱ्याबद्दल लिहिताना 'सेवेचा कित्ता घालून दिला' लिहावं. 'कित्ते व्हा' मध्ये माणूसच कित्ता होतो. ते वहिवाटीचं मराठी नाही, पण मूळ ग्रीकमध्येच तुपोसचं अनेकवचन 'तुपोइ' आहे आणि वडील एकाहून अधिक होते.

बोरू : म्हणजे खटकलं ते बरोबर, आणि ठेवलंय तेही बरोबर.